खांदेकरी कुणाच्या हिशोबात?

दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. खांबाला मानवंदना देतो. खांबावर कोरलेल्या नावांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती नावं बोटानं चाचपताना अंगावर काटा येतो. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथं गेले आणि तेव्हापासून तो खांब इंग्रजाचा राहिला नाही, आपला झाला. झालं ते बरोबरच झालं. त्याबद्दल माझं भांडण नाही.

माझं भांडण पुढच्या गोष्टीबद्दल आहे. १८१८ च्या त्या लढाईनंतर कॅप्टन स्टॉन्टन जखमींना बरोबर घेऊन शिरूरला परतला. दिवसभर पाण्याच्या थेंबाला महाग झालेली पलटण. कुणाचा हात गेलेला, कुणाची मांडी फुटलेली. ही माणसं काय आपल्या पायांनी शिरूरपर्यंत चालत गेली? कुणीतरी त्यांना उचललं. कुणी खांद्यावर घेतलं, कुणी गाडीत चढवलं. हे 'कुणीतरी' म्हणून खांबावर कोरलेले नाहीत. आणि आपणही, गड्यांनो, खांबापुढं उभे राहून त्यांचा प्रश्न कधी विचारला नाही. आपण बंदुका मोजल्या. खांदे मोजले नाहीत.

लढाईतल्या डोलीवाल्यांवर, स्ट्रेचरवाल्यांवर मी लिहायला बसलोय ते यासाठी.

डोली म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. हर्ण्याला बंदर खाली आणि वाड्या वर. आमच्याकडच्या डोंगरवाड्यांतून बाईचं बाळंतपण अडलं, कुणाला फुरसं चावलं, की डोली निघते. एक मजबूत बांबू, त्याला दोन्ही टोकांनी बांधलेली गोधडी नाहीतर चादर, आत माणूस. गाडीरस्ता जिथं आला तिथं डोली संपली, पण सगळीकडे तो अजून आलेला नाही. डोली वाहणं म्हणजे नुसतं ओझं वाहणं नव्हे. पुढच्यानं डावा पाय टाकला की मागच्यानं उजवा टाकायचा. दोघांचा पाय एक पडला की डोली झोके घ्यायला लागते आणि आतला माणूस किंचाळतो. चढणीला डोकं पुढं, उतरणीला पाय पुढं, म्हणजे डोकं कायम वरच्या अंगाला राहतं. खांदा बदलायचा तो डोली खाली न टेकता. आणि मुख्य म्हणजे हातात दुसरं काही धरता येत नाही. तोंडावर पाऊस आला तर पुसता येत नाही. समोरून कुत्रं आलं तर दगड उचलता येत नाही.

आता कुत्र्याच्या जागी बंदूक घाला.

कंपनीच्या फौजेनं डोली इथूनच उचलली. शब्दही इथलाच उचलला आणि त्याचं 'डूली' केलं. एका डोलीला साधारण सहा माणसं, चार खांद्याला आणि दोन बदलीला. पलटणीमागं अशा डोल्यांची रांग चालायची. विलायतेत तर या डूलीचा असा पत्ता होता की तिकडच्या पार्लमेंटातल्या कुणी सभासदानं म्हणे भाषण ठोकलं : लढाई संपताच क्रूर डूली लोक डोंगरावरून धावून आले आणि आमच्या जखमींना पळवून घेऊन गेले! ही थट्टा इंग्रजांनी आपल्या कोशातसुद्धा नोंदून ठेवली आहे. खरी असो नसो. जो माणूस जखमीला वाचवायला नेतो तोच रानटी, असं त्या थट्टेत आहे. आणि हसणाऱ्यांत ज्यांचे बाप-काका याच डोल्यांतून जिवंत परत गेले तेही असतील.

इतिहासाच्या पुस्तकांत डोलीवाला येतो, नाही असं नाही. पण कशासाठी येतो? पळाला म्हणून येतो. १८५७ च्या सप्टेंबरात हॅवलॉक आणि औट्रम लखनौच्या रेसिडेन्सीत शिरले, तेव्हा मागं राहिलेल्या जखमींच्या डोल्या चुकून भलत्याच चौकात गेल्या. चहूबाजूंनी गोळ्या. डोलीवाल्यांनी डोल्या टाकल्या आणि पळाले. जखमी मारले गेले. त्या चौकाला पुढं 'डूली स्क्वेअर' नाव पडलं. जखमींना वाचवायला झुंजलेल्या सर्जन होमला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डोलीवाल्यांना 'पळाले' एवढं क्रियापद मिळालं.

२७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला असंच झालं. ही लढाई आपल्या जवळची, कारण तिथली ब्रिगेड मुंबई फौजेची होती. ग्रेनेडियर्स होते, जेकब्स रायफल्स होती. जनरल बरोजची सगळी फळी फुटली. गोरे फुटले, काळे फुटले, घोडदळ फुटलं, आणि कंदाहारच्या बिनपाण्याच्या वाटेवर जो तो जीव घेऊन सुटला. डोलीवाल्यांनीही डोल्या टाकल्या. वृत्तांत वाचा. सैन्य जातं ती 'माघार' असते. डोलीवाला जातो तो 'पळ' असतो. त्याच दिवशी बिनहत्यारी नोकर-चाकर, डोलीवाले, भिस्ती, सईस वगैरे तीनशेच्या वर मेले. सगळेच पळाले होते तर हे तीनशे मेले कसे?

या नोकरांना फौजेच्या भाषेत 'फॉलोअर' म्हणत. मागून चालणारे. लढाईच्या मागं, पगाराच्या मागं, पेन्शनीच्या मागं.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. रत्नागिरी जिल्हा हा मुंबई फौजेचा भरतीचा कणगा. १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी टाकली, म्हणून आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेन्शनी घेतलेले आपले सुभेदार, जमादार, हवालदार तिथं वस्ती करून राहिले. गोपाळबाबा वलंगकर १८८६ ला फौजेतून निवृत्त होऊन दापोलीलाच आले. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीनंतर पोराबाळांना घेऊन तिथंच आले. आपल्या चळवळीच्या मुळ्या त्या तांबड्या मातीत आहेत, हर्ण्यापासून चार कोसांच्या आत.

मग १८९२ च्या सुमारास फौजेचं दार महारांना बंद झालं. इंग्रजाला 'लढाऊ जाती'चं खूळ लागलं होतं. कोण लढाऊ? शीख, पठाण, गुरखा, डोग्रा, मराठा. पंच्याहत्तर वर्षं ज्यांच्या जिवावर मुंबई फौज उभी राहिली ते एका कागदानं लढाऊ राहिले नाहीत.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शिपाई नाही तर निदान डोलीला तरी घेतलं असेल. ओझी वाहण्यात आपला हात कोण धरणार? गावकीत साहेबाचं सामान वाहिलं, खजिना वाहिला, मेलेलं ढोर वाहिलं. पण इथंच गोम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी डोलीवाल्यांची वेगळी आर्मी बेअरर कोर केली, तेव्हा पसंती होती कहारांना. का? तर त्यांच्या हातचं पाणी वरच्या जातीच्या शिपायाला चालतं. जखमी माणूस पहिल्यांदा काय मागतो? पाणी. मग पाणी पाजणारा हात सोवळा पाहिजे! म्हणजे बघा, आतडी बाहेर आलेली आहेत, माणूस मरणाच्या दारात आहे, आणि सरकार विचार करतंय की याला उचलणाऱ्याची जात कोणती असावी. अस्पृश्याला ठेवलं होतं संडास झाडायला. मेलेलं ढोर आमच्या खांद्याला चालतं, मरणारा माणूस चालत नाही.

आणि कहार सोवळा म्हणून त्याचं काय भलं झालं? तोही फॉलोअरच. शिपायाच्या खालीच.

१९१४ चं महायुद्ध आलं आणि इंग्रजाला माणसं कमी पडायला लागली. हिंदुस्थानातून त्या युद्धात जे गेले त्यांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं बिनलढाऊ खात्यातली होती : डोलीवाले, खेचरवाले, मजूर, भिस्ती, झाडूवाले, स्वयंपाकी. तुरुंगातल्या कैद्यांनासुद्धा शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात मजुरीला आणि झाडूकामाला नेलं. पुणे, सातारा, रत्नागिरीच्या पोरांची जास्त वाताहत झाली ती या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथं गेलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखली जायची आणि तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७.

नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड बगदाद घ्यायला निघाला आणि टेसिफोनला अडला. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. दवाखान्याची तयारी त्याच्या पासंगाला पुरणारी नव्हती. डोल्या कमी, डोलीवाले कमी. मग जखमींना घातलं खेचरांच्या गाड्यांत, स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी पट्ट्यांच्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत, खाचखळग्यांच्या वाळवंटातून, तैग्रीस नदीच्या काठापर्यंत कित्येक मैल. वाटेत किती मेले असतील ते बैलगाडीतून दवाखान्यात गेलेल्या कुणालाही विचारा. डोलीचे दोन खांदे आणि गाडीचं चाक यांतला फरक हा एका जिवाएवढा असतो.

नदीवरून बोटींनी बसऱ्याला. 'मेजिदिया' नावाची बोट बसऱ्याला लागत होती तेव्हा आय.एम.एस.च्या मेजर कार्टरला लांबून वाटलं, बोटीच्या कडेनं दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, दोर नव्हेत, विष्ठा आहे. जुलाब लागलेली शेकडो जखमी माणसं दिवसच्या दिवस डेकवर एकमेकांना चिकटून पडलेली, जागेवरून हलता न येणारी. कार्टरनं हे वर कळवलं तर वरिष्ठांनी त्यालाच दम दिला. शेवटी विलायतेत बोभाटा झाला, कमिशन बसलं, १९१७ ला अहवाल छापला गेला आणि कार्टरची साक्ष जगानं वाचली. कार्टर मर्द माणूस, त्याला सलाम. पण त्या डेकवरून त्या घाणीतून एकेक माणूस हातांनी सोडवून, उचलून किनाऱ्याला कुणी आणला? साक्षीला त्यांच्यातलं कुणी बोलावलं?

टाउनशेंड मागं हटून कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पोटात अन्न नाही, दात हलायला लागलेले, हिरड्यांतून रक्त. शेवटी शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली. त्यांत तीन हजारांवर फॉलोअर होते. जनरलला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. साध्या शिपायांना आणि फॉलोअरना वाळवंटातून चालवत नेलं आणि पुढं रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्या वाटेवर पडलेल्यांना उचलायला डोली नव्हती. डोलीवालेच पडत होते.

शौर्याची पदकं कशी वाटली ते आता बघू. याच मेसोपोटेमियात २१ जानेवारी १९१६ ला, कुतचा वेढा फोडायच्या लढाईत, ४१ व्या डोग्रा पलटणीचा लान्स नाईक लाला यानं काय केलं? शत्रूच्या समोर उघड्यावर पडलेल्या गोऱ्या अफसरांना आडोशाला ओढलं, जखमा बांधल्या, थंडीनं काकडणाऱ्या अफसराला आपल्या अंगावरचे कपडे घातले, एकाला पाठीवर घेऊन मागं पोचवलं आणि परत स्ट्रेचर घेऊन येऊन दुसऱ्याला नेलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मिळायलाच पाहिजे होता. पण नीट बघा, हे काम कोणाचं आहे? हे डोलीवाल्याचं रोजचं काम आहे! शिपायानं एक दिवस केलं तर व्हिक्टोरिया क्रॉस. बेअररनं रोज केलं तर ड्युटी. हिंदी फौजेतल्या ११ जणांना त्या युद्धात हा क्रॉस मिळाला. त्यांत बेअरर कोरचा एकही नाही.

दुसऱ्या महायुद्धातला आपल्या मराठी मुलुखातला नामदेव जाधव घ्या, संगमनेर तालुक्यातल्या निमजचा. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. कंपनीचा निरोप्या होता तो. त्यानं दोन जखमी साथीदारांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. मग परत फिरून मशीनगनची तीन ठाणी बंद केली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याची गोष्ट सांगताना आपण मशीनगनपाशी आवाज चढवतो. मला विचाराल तर मला तो पाण्यातला माणूस दिसतो. पाठीवर जखमी, हात गुंतलेले, उलटून एक गोळी मारायची सोय नाही. मशीनगनपाशी निदान हातात काहीतरी होतं.

गांधींचा विषय निघाला की आपले काही मित्र तापतात, म्हणून थोडक्यात. बोअर युद्धात, १८९९–१९०० मध्ये, दक्षिण आफ्रिकेत गांधींनी हिंदी लोकांचं जखमी वाहणारं पथक काढलं. सुमारे अकराशे माणसं. कोलेन्सो, स्पायन कॉप इथं ते राबले, जखमींना घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. या अकराशेंतले सुमारे आठशे मळ्यांवरचे गिरमिटिया मजूर होते. युद्धानंतर पदकं मिळाली म्होरक्यांना. मजूर परत मळ्यावर गेले, उसाच्या फडात. शाळेच्या पुस्तकात गांधींचं नाव आहे. आठशेंतलं एक नाव तुम्ही सांगा.

आणि हे फक्त त्यांचंच पाप आहे असं समजू नका. आपल्या घरात या. १८९४ ला वलंगकरांनी अर्ज तयार केला, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला : आम्हाला फौजेत परत घ्या. त्या माणसांनी अंधारात दिवा लावला, त्यांच्या पायाची धूळ मी कपाळाला लावीन. १९१७ ला इंग्रजाला गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली, १९२१ ला गरज संपताच मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागं बाबासाहेब होते. हा इतिहास अभिमानाचाच आहे. पण वलंगकरांच्या अर्जात काय म्हटलं होतं? की आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात नको ते खाल्लं म्हणून असे झालो. त्या काळी दुसरी भाषाच उपलब्ध नव्हती, त्यांना दोष देत नाही. आज मात्र आपली काही पोरं मोटरसायकलवर तलवारीचं चित्र लावून तीच भाषा बोलतात. लढाऊ जात म्हणजे भारी जात. ही मोजपट्टी इंग्रजाची आहे, आणि त्याच्या आधी मनूची. या पट्टीनं मोजलं की झाडूवाला खाली, डोलीवाला खाली, खेचरवाला खाली. म्हणजे आपण आपल्याच अर्ध्या माणसांना परत वेशीबाहेर काढलं.

आमच्या खात्यात एकाचा हात मागात गेला, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत गेलेला पोरगा झाडूवाला होता. सगळ्यांनी 'वाचला बुवा' म्हणून निःश्वास टाकला. पोराचा तेवढा अर्धा रोज कापला गेला.

सरकारी हिशोब कसा असतो त्याचे पुरावे दगडात आणि धातूत आहेत. युद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या, आपल्याकडे घाटावर आणि कोकणात आजही दिसतात. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी मेली. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अफसरांची कोरली, आणि बाकीच्या हिंदी लोकांचे पलटणीवार नुसते आकडे घातले. शंभर वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या मंडळानंच अहवाल काढून कबूल केलं की कमीत कमी १,१६,००० मेलेल्यांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं किंवा अजिबातच नोंद झाली नाही. त्यांत आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले वाहणारे हात किती होते!

धातूचं ऐका. सरहद्दीवरच्या लढायांचं १८९५ चं इंडिया मेडल शिपायाला चांदीचं आणि फॉलोअरला कांस्याचं. १९०३–०४ च्या तिबेट मोहिमेचं तसंच. १९१४ च्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं, मजूर पलटणींना कांस्याचं. एकाच साच्यातून काढलेलं, एकाच राजाचं तोंड असलेलं. फक्त धातू वेगळा. गावात आपल्याला चहा वेगळ्या कपात मिळायचा, तीच रीत राजानं पदकात पाळली.

पण कांस्याच्या त्या चकतीवर एक गोष्ट इंग्रजाकडून राहून गेली आहे. तिच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, माणसाचं नाव आणि खातं ठोकलेलं असतं. स्मारकावर जे कोरलं नाही ते कडेवर आहे. बंगालचा शिशिर सर्बाधिकारी बेंगॉल अॅम्ब्युलन्स कोरमधून स्ट्रेचर वाहायला मेसोपोटेमियात गेला, कुतला कैद झाला. शिकलेला होता. कैदेतल्या टिपणांचे कागद त्यानं बुटात लपवून वागवले आणि १९५८ ला 'अभि ले बागदाद' नावाचं पुस्तक काढलं. म्हणून तो आज आहे. त्याच्या बरोबरीनं डोली धरणाऱ्या कहाराजवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. त्याचं असेल तर ते कडेवरचं नाव.

म्हणून सुट्टीला गावी जाल तेव्हा हर्णे, आंजर्ले, केळशी, आडे, आसूद, जिथं जिथं आपली वाडी आहे तिथं म्हाताऱ्या माणसांना विचारा. लोखंडी पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यातून काढलेल्या जुन्या डब्यात, पोरांच्या खेळण्यांत एखादी काळी पडलेली जड चकती निघेल. पितळ-तांब्याच्या भावानं ती मोडीवाल्याला जाऊ देऊ नका. चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात. भिंगाखाली धरून कड फिरवत वाचा. नाव जसंच्या तसं, इंग्रजानं केलेल्या चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवून घ्या. खाली घरातल्या माणसाला आठवेल तेवढं लिहा : कधी गेला, कुठून बोटीत बसला, परत आला की नाही, आला तर खांदा कोणता दुखायचा. आणि कागद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाचं स्टेन्सिल कापताना त्या नावांना पानं ठेवली आहेत.